'ठग' ते 'थग' : बिल ब्युफोर्ड यांच्या 'अमंग द थग्ज'चे पुनर्वाचन

बीजसंज्ञा : फुटबॉल, जमाव, हुल्लडबाजी, परदेशी जाणारे चाहते, पोलीस बंदोबस्त, जमावाचे मानसशास्त्र

मराठीत 'ठग' म्हणजे फसवणारा. तो गोड बोलतो, विश्वास संपादन करतो आणि मग घात करतो; अंगबळापेक्षा कावा हे त्याचे खरे हत्यार. संस्कृतातील 'झाकणे' या अर्थाच्या 'स्थग्' धातूशी या शब्दाचे नाते जोडले जाते, तेही या अर्थाला धरूनच आहे. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन यांनी चालवलेली ठगीविरोधी मोहीम आणि १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेली फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी यांमुळे हा शब्द इंग्रजीत रुळला. (हेच टेलर पुढे नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिले. त्यांचे नाव त्या परिसरात अजूनही परके वाटत नाही.) समुद्र ओलांडताना मात्र शब्दातला कावा गळून पडला आणि उरला तो केवळ रासवट मारकुटेपणा. इंग्रजीतील 'थग' कोणाला फसवत नाही. तो फक्त मारतो.

बिल ब्युफोर्ड यांनी इंग्लंडमधील फुटबॉलच्या चाहत्यांवरील आपल्या ग्रंथासाठी हाच शब्द निवडला. 'अमंग द थग्ज' १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्युफोर्ड मूळचे अमेरिकन; इंग्लंडमध्ये 'ग्रांटा' या वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादक म्हणून त्यांनी नाव कमावलेले. फुटबॉल हा त्यांचा खेळ नव्हता आणि ज्या वर्गाविषयी त्यांनी लिहिले तो त्यांचा वर्गही नव्हता. फुटबॉलच्या हिंसाचारावरील ललितेतर लेखनात या ग्रंथाचे स्थान आजही वरचे मानले जाते. प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे : या ग्रंथातील वर्णन आणि त्यातील स्पष्टीकरण यांचा परस्परसंबंध काय, आणि ज्या जमावाचे हे चित्र आहे त्याच्या वाट्याला पुढे जो पोलीस बंदोबस्त आला त्याला हे चित्र कितपत पुरे पडते.

वर्णनाचे बळ

ग्रंथाची सुरुवात वेल्समधील एका रेल्वे स्थानकावर होते. शनिवारची संध्याकाळ, आणि स्थानकात शिरणारी, चाहत्यांनी खचाखच भरलेली गाडी. फलाटावरचा परका माणूस हे दृश्य पाहतो आणि अचंबित होतो. कारण आजूबाजूच्या इंग्रज मंडळींना त्यात काहीच विशेष वाटत नाही. या अचंब्यातूनच पुढचा सारा शोध निघतो. ब्युफोर्ड मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांमध्ये मिसळतात, त्यांच्याबरोबर पितात, प्रवास करतात. एप्रिल १९८४ मध्ये युव्हेंटसविरुद्धच्या चषक विजेत्यांच्या स्पर्धेतील उपान्त्य सामन्यासाठी ते त्यांच्यासोबत तुरिनला जातात.

तुरिनचे प्रकरण हा ग्रंथाचा गाभा आहे आणि त्याची कीर्ती अनाठायी नाही. सामना संपतो, इंग्रज चाहते शहरात शिरतात, एक म्होरक्या त्यांना हाताच्या खुणांनी थोपवतो, पुढे काढतो, वळवतो. चालण्याचा वेग वाढतो. मग एका क्षणी काहीतरी तुटते. जमिनीवर पडलेल्या एका इटालियन मुलाला लाथा बसू लागतात, आणि त्या लाथांचे वर्णन लेखक घाई न करता, एकेक करून करतो. इथे वाचकाला डोळे मिटावेसे वाटतात, पण लेखक ते मिटू देत नाही. महत्त्वाचे म्हणजे तो स्वतःलाही सोडत नाही. आपण थांबलो नाही, मध्ये पडलो नाही, उलट पुढे काय होते ते नीट दिसावे म्हणून जवळ गेलो, हे तो कबूल करतो. साक्षीदाराच्या या अपराधी सान्निध्यामुळे ग्रंथ वार्तांकनाच्या पातळीवरून वर उचलला जातो.

या वर्णनाचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदवणे आवश्यक आहे. त्यातील माणसे बेकार, भुकेकंगाल किंवा पिचलेली नाहीत. कोणी कुशल कारागीर आहे, कोणाच्या खिशात भरपूर पैसा खुळखुळतो आहे. दारिद्र्यातून हिंसा ही सोपी मांडणी ब्युफोर्ड यांनी पहिल्या काही प्रकरणांतच निकामी केली, हे त्यांचे निःसंशय श्रेय आहे.

स्पष्टीकरणाची दुर्बलता

वर्णनाकडून स्पष्टीकरणाकडे वळताच मात्र ग्रंथाचे पाऊल अडखळते. इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा अभ्यास त्याआधी दोन दशके चालू होता. इयन टेलर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी फुटबॉलचे धंदेवाईकीकरण आणि त्यामुळे दुरावलेला कामगार चाहता असा संबंध मांडला होता. पीटर मार्श, एलिझाबेथ रॉसर आणि रोम हॅरे यांनी 'द रूल्स ऑफ डिसऑर्डर' (१९७८) मध्ये ही हाणामारी बरीचशी विधीसारखी, नियमबद्ध असल्याचे दाखवले होते. लेस्टर विद्यापीठातील एरिक डनिंग, पॅट्रिक मर्फी आणि जॉन विल्यम्स यांच्या गटाने तिची मुळे कामगारवर्गाच्या विशिष्ट थरातील पौरुषाच्या कल्पनेत शोधली. याच गटाचा 'हूलिगन्स अब्रॉड' (१९८४) हा ग्रंथ तर परदेशी जाणाऱ्या इंग्रज चाहत्यांवरच आहे. ब्युफोर्ड यांना या वादात रस नाही. गुस्ताव ल बाँ यांच्या १८९५ मधील ग्रंथापासून चालत आलेल्या जमावविषयक विचारांचा ते परामर्श घेतात आणि बहुतेक सर्वांना बाजूला सारतात. जमावाकडे खिडकीतून पाहणाऱ्यांनी ही शास्त्रे लिहिली, आतून पाहणाऱ्यांनी नाही, हा त्यांचा आक्षेप मार्मिक आहे.

परंतु त्यांच्या जागी ते काय ठेवतात? जमावातील हिंसा ही नशा आहे. तिच्यात माणसाचे वेगळेपण विरून जाते आणि त्या विरण्यातच सुख आहे. तिला कारण नाही, कारण तिच्या पोटी केवळ रिकामपण आहे. ल बाँना नाकारून लेखक शेवटी ल बाँच्याच ओसरीवर येऊन बसतो. फरक इतकाच की फ्रेंच विद्वानाला ज्याची शिसारी आली त्याची या अमेरिकन लेखकाला भुरळ पडली. व्यक्ती जमावात शिरताच बुद्धी गहाण टाकते, हे गृहीत दोघांचेही सारखेच.

हे गृहीत त्यांच्याच वर्णनाशी विसंगत आहे. तुरिनमधला म्होरक्या खुणा करतो आणि लोक त्या पाळतात, म्हणजे त्या जमावाला रचना आहे. बळी कोण आणि कोण नाही, हे ठरलेले आहे. इंग्रज इंग्रजाला मारत नाही. जमाव दुकानाची काच फोडतो तेव्हाही तो परक्या शहराची काच फोडत असतो. रिकामपणातून निघालेली हिंसा इतकी नेमकी दिशा कशी धरते, हा प्रश्न ग्रंथात विचारलाच जात नाही. बरी सेंट एडमंड्स येथील नॅशनल फ्रंटच्या मेळाव्याचे प्रकरण तर या दृष्टीने वाया गेलेली संधी वाटते. वंशद्वेष्ट्या राजकारणाचे कार्यकर्ते आणि फुटबॉलचे चाहते एका खोलीत नाचत आहेत, आणि लेखकाचे लक्ष त्या नाचाच्या तापमानाकडे आहे.

मराठीत याबाबत भाषाच काही भेद शिकवते. 'गर्दी' जमते, 'जमाव' पांगवला जातो, 'झुंड' तुटून पडते. पहिला शब्द लोकांचा, दुसरा पोलिसांच्या दप्तरातला, तिसरा जनावरांचा. गर्दीचा जमाव कोण करतो आणि जमावाला झुंड कोण म्हणते, हा या तीन शब्दांमधला खरा प्रश्न आहे. ब्युफोर्ड यांची लेखणी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी घेते.

सार्डिनिया : एक घटना, दोन साक्षी

१९९० च्या विश्वचषकात इंग्लंडचे साखळी सामने सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे ठेवले गेले. चाहत्यांना मुख्य भूमीपासून तोडण्यासाठीच हे केले, असे तेव्हा सर्वत्र मानले जात होते. १६ जून रोजी नेदरलँड्सविरुद्धच्या सामन्यापूर्वी इंग्रज चाहत्यांचा मोठा समुदाय शहरातून स्टेडियमकडे चालत निघाला आणि इटालियन पोलिसांशी त्याची चकमक झाली. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. ब्युफोर्ड यांच्या ग्रंथाचा शेवट इथे होतो. इतकी वर्षे जमावाची नशा टिपणारा लेखक इथे स्वतः पोलिसांच्या लाठ्यांखाली सापडतो आणि जमिनीवर अंग आकसून मार खातो.

योगायोग असा की याच स्पर्धेत, याच बेटावर, आणखी एक निरीक्षक वावरत होता. क्लिफर्ड स्टॉट यांनी तेथे केलेल्या निरीक्षणांवर आधारित शोधनिबंध त्यांनी आणि स्टीव्हन रायकर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी रायकर यांनी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात १९८० मध्ये झालेल्या दंगलीचा अभ्यास करून जमाव आंधळा नसतो, तो आपल्या सामायिक ओळखीच्या मर्यादेत वागतो, हे दाखवले होते. सार्डिनियात या सिद्धान्ताला दुसरी बाजू जोडली गेली, ती म्हणजे पोलिसांची.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. बेटावर आलेले इंग्रज चाहते एकजिनसी नव्हते. काही भांडणाच्या तयारीने आलेले, बहुतेक नुसते सामना पाहायला आलेले, आणि हे दुसरे पहिल्यांपासून अंतर राखून असलेले. पोलिसांना हा भेद दिसत नव्हता किंवा पाहायचा नव्हता. स्थानिक तरुणांनी छेड काढली तर दुर्लक्ष, आणि इंग्रजांनी गाणे म्हटले तरी काठी, असा अनुभव वारंवार आल्यावर शांत चाहत्याच्या मनातील सीमारेषा सरकली. 'आम्ही आणि ते गुंड' ही विभागणी मिटली आणि 'आम्ही आणि पोलीस' ही विभागणी आली. मग कालपर्यंत ज्यांना टाळले तेच लोक पुढे उभे राहून संरक्षण करणारे वाटू लागले. पोलिसांना ज्या झुंडीची भीती होती ती त्यांच्याच लाठीने घडवली, असे या निबंधाचे तात्पर्य काढता येईल. मराठी वृत्तपत्रांत नित्य आढळणारा 'सौम्य लाठीमार' हा शब्दप्रयोग यासंदर्भात आठवतो. लाठी सौम्य होती की नाही, हे ती चालवणारा ठरवतो.

ब्युफोर्ड यांनी हीच लाठी अंगावर घेतली. तरीही तिच्यातून त्यांना विचार सुचत नाही, फक्त शेवट सुचतो. आपण नशेत नव्हतो, दगड मारत नव्हतो, तरी मार खाल्ला. मग भोवतीच्या हजारोंपैकी असे आणखी किती होते, हा प्रश्न त्या पानांवर अगदी तोंडाशी येऊन थांबतो. ग्रंथातील ही सर्वांत मोठी उणीव होय.

याचा अर्थ स्टॉट आणि रायकर यांच्या मांडणीत सर्व काही सामावते असे नाही. तुरिनमध्ये चाहत्यांना चिडवणारी लाठी नव्हती. तिथे पोलीस फारसे आडवेच आले नाहीत, आणि तरी मुलगा लाथांखाली गेला. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या चाहत्यांनी शेजारच्या विभागावर चाल केली, भिंत कोसळली आणि ३९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील ३२ इटालियन होते. तिथेही आधी पोलिसांचा अतिरेक नव्हता. होती ती जुनाट झालेली वास्तू, तोकडे कुंपण, चुकीची तिकीटवाटप आणि अपुरा बंदोबस्त. पुढे १४ चाहत्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. २०१६ मध्ये मार्सेय येथे तयारीनिशी आलेल्या रशियन टोळ्यांनी इंग्रज चाहत्यांवर केलेले हल्लेही पोलिसांच्या वागणुकीतून उलगडत नाहीत. परक्या भूमीवर मर्दुमकी गाजवण्याची हौस ही खरी गोष्ट आहे, आणि तिची चव कशी असते हे ब्युफोर्ड यांच्याइतके कोणी सांगितलेले नाही. मानसशास्त्रज्ञांच्या निबंधात ती चव नाही.

तथापि १९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकावरील त्यांचा पुढील अभ्यास पाहता पारडे कोणीकडे झुकते हे स्पष्ट होते. त्यात इंग्रज आणि स्कॉटिश चाहत्यांची तुलना आहे. दोघेही मद्यपी, दोघेही पुरुषप्रधान, दोघेही मोठ्या संख्येने परदेशात. मार्सेयमध्ये इंग्रजांचा संघर्ष झाला, स्कॉटिश चाहत्यांचा झाला नाही. आपण इंग्रजांसारखे नाही, हीच स्कॉटिश चाहत्याची ओळख. त्यामुळे एखाद्याने आगळीक केली तर त्याचे सोबतीच त्याला आवरत. यजमानही त्यांच्याशी तसेच वागत. दारू, वय, लिंग आणि वर्ग सारखे असता वर्तन वेगळे होते, याला नशेचा सिद्धान्त काय उत्तर देणार?

नावाचा कायदा

१७ जून २००० रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे इंग्लंड-जर्मनी सामन्यापूर्वी चौकात खुर्च्या उडाल्या, पाण्याचे फवारे सोडले गेले. त्या स्पर्धेत नऊशेहून अधिक इंग्रज चाहते पकडले गेले आणि शेकड्यांनी परत पाठवले गेले. युरोपीय महासंघाने इंग्लंडच्या संघालाच घालवून देण्याची तंबी दिली. सहा आठवड्यांच्या आत, २८ जुलै रोजी, ब्रिटिश संसदेचा नवा कायदा संमत झाला. त्यान्वये एखाद्या व्यक्तीला कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नसली, तरी तिने कधीतरी हिंसाचाराला हातभार लावला आहे आणि बंदीमुळे पुढील हिंसाचार टळेल असे न्यायदंडाधिकाऱ्याला वाटले, तर तिला सामन्यांपासून दूर ठेवता येते, परदेशातील सामन्यांच्या काळात पारपत्र जमा करायला लावता येते. २००२ मध्ये अपील न्यायालयाने हा आदेश शिक्षा नव्हे असे ठरवले, मात्र पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याच्या जवळ जाणारी असावी अशी अट घातली.

इथे शीर्षकातील शब्द पुन्हा आठवतो. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने कंपनी सरकारने ठरवले होते की, ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध झाले की सक्तमजुरीची जन्मठेप. अमुक खून अमक्याने केला हे दाखवण्याची गरज नाही. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा. त्याच वृत्तीतून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि त्याचा डाग महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांच्या कपाळावरून १९५२ नंतरही पुसला गेला नाही. दोन्ही कायद्यांची तुलना ताणता येणार नाही. ब्रिटिश चाहत्याची बंदी जास्तीत जास्त दहा वर्षांची, त्याला अपिलाची वाट खुली, आणि जन्माने कोणी 'हूलिगन' ठरत नाही. तरीही कृत्याऐवजी प्रकाराला पकडण्याची युक्ती तीच आहे. ब्युफोर्ड यांनी 'थग' हा शब्द सहज वापरला असावा. त्याच्या पोटातील कायदेशीर इतिहास त्यांना ठाऊक असल्याची खूण ग्रंथात नाही.

बंदीचे समर्थक म्हणतात की, त्यानंतर इंग्रज चाहत्यांचे परदेशातील वर्तन सुधारले. सुधारले हे खरे; पण कशामुळे, हे तितके उघड नाही. २००४ ची युरोपीय स्पर्धा पोर्तुगालमध्ये झाली. यजमान शहरांत नागरी पोलिसांनी संशोधकांच्या मदतीने आखलेली पद्धत वापरली : शिरस्त्राण नसलेले, जोडीजोडीने फिरणारे, चाहत्यांशी बोलणारे पोलीस पुढे, दंगलविरोधी पथक नजरेआड, पण हाकेच्या अंतरावर. त्या शहरांत इंग्रज चाहत्यांचा मोठा संघर्ष झाला नाही. त्याच दिवसांत, त्याच देशातील अल्बुफेरा या किनारी गावात मात्र सलग रात्री दंगल उसळली. तिथला बंदोबस्त दुसऱ्या, निमलष्करी दलाकडे होता आणि त्याने जुनीच रीत वापरली. बंदीचा कायदा दोन्हीकडे सारखाच लागू होता.

चित्राची किंमत

ग्रंथ वाचकाच्या मनात जे चित्र सोडतो ते केवळ वाङ्मयीन राहत नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात चाहत्याकडे पाहण्याची जी रूढ दृष्टी होती तिची किंमत १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर मोजली गेली. कठड्यांच्या पिंजऱ्यात चेंगरणारी माणसे वर चढू पाहत होती आणि ती मैदानावर घुसत आहेत असा पोलिसांचा पहिला समज झाला. मृतांची संख्या आज ९७ अशी नोंदली जाते. चाहत्यांनीच दारू पिऊन दार फोडले ही बनावट कथा वर्षानुवर्षे टिकली, कारण ती ऐकणाऱ्याच्या मनात चित्र आधीच तयार होते. २०१६ मध्ये ज्युरीने हे बेकायदेशीर मनुष्यवध असल्याचा आणि चाहत्यांचा दोष नसल्याचा निर्णय दिला. तोवर २७ वर्षे उलटली होती. हेसेलचे आणि हिल्सबरोचे चाहते एकाच क्लबाचे. पहिल्या ठिकाणचा खरा गुन्हा दुसऱ्या ठिकाणच्या खोट्या आरोपाला खतपाणी घालत राहिला.

२८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांच्यातील अंतिम सामना होता. हजारो तिकीटधारक एका अरुंद वाटेवर अडकले, दारे बंद झाली, अश्रुधूर मुलांवर आणि अपंगांवरही सोडला गेला, आणि बाहेर पडताना स्थानिक टोळ्यांनी चाहत्यांना लुटले. सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. मैदानातील फलकावर कारण झळकले ते चाहत्यांच्या उशिरा येण्याचे. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी तीस ते चाळीस हजार इंग्रज चाहते विनातिकीट किंवा बनावट तिकिटे घेऊन आल्याचे सांगितले. फ्रेंच सिनेटच्या चौकशीने ही मांडणी फेटाळली. युरोपीय महासंघाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मधील अहवालात मुख्य जबाबदारी स्वतः महासंघावरच टाकली. लिव्हरपूलचे चाहते म्हणजे धोका, या जुन्या समजुतीवर फ्रेंच पोलिसांचा बंदोबस्त बेतला गेला होता, आणि हिल्सबरोविषयीचा गैरसमजही त्यामागे होता, असे या समितीला आढळले.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. त्या संध्याकाळी कोणी मेले नाही याचे श्रेय समितीने पोलिसांना दिले नाही. अरुंद वाटेत अडकलेल्या चाहत्यांनी एकमेकांना धीर दिला, रेटा येऊ दिला नाही, दुबळ्यांना सांभाळून घेतले. त्यांच्या या सामूहिक वागण्यामुळेच बहुधा अधिक गंभीर इजा आणि मृत्यू टळले, असे तिने म्हटले. त्या वाटेवर उभ्या असलेल्यांपैकी कित्येक जण १९८९ मध्ये शेफील्डलाही होते.